अधिवृक्क ग्रंथी आणि स्टेरॉइड औषधे



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. 'अधिवृक्क' हा शब्द उच्चारावयास कठीण आणि 'स्टेरॉइड' हा ऐकावयास भीतिदायक! पण पहिला शब्द जितका अपरिचित, तितकाच दुसरा आता घरोघर जाऊन पोहोचलेला आहे. दम्याच्या रुग्णाला, संधिवाताने जखडलेल्या आजीबाईंना, अंगावर चट्टे उठलेल्या मुलाला ही औषधे दिली जातात. २०२० व २०२१ सालच्या कोविडच्या साथीत तर ती असंख्य लोकांच्या पोटात गेली. आणि ह्या औषधांविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आहेत. एक पक्ष म्हणतो, "काय विलक्षण औषध! दोन गोळ्या घेतल्या आणि दुखणे पळाले." दुसरा म्हणतो, "स्टेरॉइड? नको रे बाबा! त्यापेक्षा रोग परवडला." पहिला पक्ष औषध आपल्या मनाने सुरू करतो, दुसरा ते आपल्या मनाने बंद करतो, आणि खेदाची गोष्ट ही की, दोन्ही पक्षांतील माणसे शेवटी एकाच रुग्णालयात शेजारशेजारच्या खाटांवर भेटतात.

हे औषध अमृत नव्हे, तसेच ते बाहेरून आलेले परके विषही नव्हे. आपल्या शरीरातील एक लहानशी ग्रंथी जो पदार्थ रोज तयार करीत असते, त्याची ती नक्कल आहे. त्या ग्रंथीचा स्वभाव एकदा नीट कळला म्हणजे हे औषध कसे घ्यावे, आणि घेण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे ते कसे सोडावे, हे आपोआप ध्यानात येते. आजच्या व्याख्यानाचा हेतू एवढाच आहे.

आपल्या दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपी घालावी तशा दोन ग्रंथी बसलेल्या आहेत. वृक्क म्हणजे मूत्रपिंड. त्यावर बसणारी ती अधिवृक्क. एकेका ग्रंथीचे वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने अर्धा तोळासुद्धा भरावयाचे नाही. सोळाव्या शतकात युस्टाशियस नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने ह्या ग्रंथींचे वर्णन केले. पण त्यांचा उपयोग काय, हे पुढे जवळजवळ तीनशे वर्षे कोणाला उमगले नाही.

ह्या प्रश्नावर पहिला प्रकाश पडला तो लंडनमध्ये. तेथील गायज् रुग्णालयात टॉमस ॲडिसन नावाचे वैद्य होते. काही रुग्ण त्यांच्या पाहण्यात असे आले की, ते हळूहळू क्षीण होत जात, अन्नावरची वासना उडे, ओकाऱ्या होत, नाडी दुबळी पडे, आणि त्यांच्या त्वचेचा वर्ण विचित्र रीतीने काळवंडत जाई. हृदय, फुप्फुसे, यकृत तपासावीत तर मृत्यूचा खुलासा होईल असे तेथे काही सापडत नसे. मृत्यूनंतर शवविच्छेदन केले म्हणजे मात्र अधिवृक्क ग्रंथी नासलेल्या दिसत; पुष्कळांच्या बाबतीत तर त्या क्षयाने पोखरलेल्या असत. १८५५ साली ॲडिसन ह्यांनी ही निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, आणि त्या रोगाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. दुसऱ्याच वर्षी, १८५६ साली, ब्राऊन-सेकार ह्या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून पाहिल्या. ते प्राणी जगले नाहीत. ज्या अवयवाकडे तीनशे वर्षे कोणी लक्ष दिले नव्हते, त्याच्यावाचून प्राण टिकत नाही हे अशा रीतीने सिद्ध झाले. क्षयाचे ठाणे आपल्या देशातून अद्याप उठलेले नाही. म्हणून ॲडिसनने पाहिलेली ही क्षयाची करामत आपल्याकडील डॉक्टरांना आजही पाहावयास मिळते.

वास्तविक एका अधिवृक्क ग्रंथीत दोन ग्रंथी नांदतात. फळाला जशी साल आणि आत गर, तसा ह्या ग्रंथीला बाहेरचा थर आहे आणि आतला गाभा आहे. गाभ्यातून ॲड्रिनॅलिन नावाचे द्रव्य स्रवते. अंधारात पायाखाली दोरी आली आणि ती साप वाटली, तर छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हातापायांत एकदम बळ येते. हे काम ॲड्रिनॅलिनचे. जोकिची ताकामिने ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत काम करीत असता १९०१ च्या सुमारास हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करून दाखविले. त्याच्या परिणामाचा गाजावाजा मोठा. पण आश्चर्य असे की, हा गाभा काढून टाकला तरी प्राणी जगू शकतो. साल गेली म्हणजे मात्र तो जगत नाही. खरा जीवनाधार त्या सालीत आहे.

सालीतून स्रवणारी द्रव्ये प्रामुख्याने दोन. पहिले अल्डोस्टेरोन, ते शरीरातील मिठाचा जमाखर्च सांभाळते. मीठ लघवीवाटे वाहून जाऊ दिले तर त्याच्यामागून पाणी जाईल आणि रक्ताचा दाब कोसळेल. ते हे द्रव्य होऊ देत नाही. दुसरे आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने मुख्य, ते कॉर्टिसोल. स्टेरॉइड म्हणून आपण जी औषधे ओळखतो ती सगळी ह्या कॉर्टिसोलची भावंडे आहेत.

कॉर्टिसोल करते तरी काय? उपवासात रक्तातील साखर उतरू लागली की, ते यकृताकडून साखर तयार करवून घेते. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा राखण्यास मदत करून ते रक्ताचा दाब टिकविते. आणि तिसरे काम फार मोलाचे. शरीरात जंतू शिरले किंवा जखम झाली म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात. ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. ह्याला आपण दाह म्हणू. हा दाह शरीराच्या रक्षणासाठी असतो खरा. पण पोलिसांनी दंगलखोरांना आवरता आवरता अख्खी पेठच उद्ध्वस्त करावी, तसे कधीकधी होते. तेथे आवरते घ्या म्हणून सांगणारे द्रव्य म्हणजे कॉर्टिसोल.

निरोगी प्रौढ माणसाच्या ग्रंथी दिवसाकाठी सुमारे दहा ते वीस मिलिग्रॅम कॉर्टिसोल तयार करतात. ह्या कामाचे वेळापत्रकही ठरलेले असते. पहाटे त्याचे प्रमाण वाढू लागते, जाग येण्याच्या सुमारास ते सर्वांत अधिक असते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या आसपास अगदी कमी होते. मोठा ताप, अपघात, शस्त्रक्रिया असा प्रसंग आला म्हणजे मात्र वेळापत्रक बाजूला ठेवून ग्रंथी कित्येक पटींनी अधिक माल पुरवितात. हा जादा पुरवठा करता येणे म्हणजेच संकटातून तरणे.

पण ग्रंथी हे काम स्वतःच्या मर्जीने करीत नाहीत. मेंदूच्या तळाशी पोषग्रंथी आहे, आणि तिच्या वर मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. रक्तात कॉर्टिसोल कमी पडले की, तो भाग पोषग्रंथीला सूचना देतो, पोषग्रंथी एक प्रेरक द्रव्य रक्तात सोडते आणि त्या हुकुमाने अधिवृक्क ग्रंथी कामाला लागतात. कॉर्टिसोल पुरेसे झाले की, हुकूम थांबतो. 'रक्तात माल पुरेसा असला म्हणजे हुकूम थांबतो,' एवढे वाक्य श्रोत्यांनी कृपा करून लक्षात ठेवावे. पुढील सारी कथा ह्या वाक्यावर उभी आहे.

आता हे द्रव्य औषध कसे झाले ते पाहू. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक नावाची प्रसिद्ध संस्था आहे. तेथे फिलिप हेंच हे संधिवाताचे तज्ज्ञ होते. १९२९ साली त्यांच्या एका रुग्णाने त्यांना एक चमत्कारिक गोष्ट सांगितली: कावीळ झाल्यापासून सांध्यांचे दुखणे पळाले! हेंच ह्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. पुढे त्यांना अशी आणखी उदाहरणे आढळली. संधिवाताच्या स्त्रियांना गर्भारपणात आराम पडतो असेही दिसून आले. ज्या रोगाला आपण असाध्य समजतो तो शरीर स्वतःच काही काळ मागे हटवू शकते, तेव्हा शरीरातच असे काही द्रव्य असले पाहिजे, असा तर्क त्यांनी बांधला.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून एकेक द्रव्य वेगळे करीत होते, आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखस्टाइन स्वतंत्रपणे तेच काम करीत होते. केंडल ह्यांच्या द्रव्यांपैकी एकाला 'ई' हे नाव होते. परंतु हजारो गुरांच्या ग्रंथींतून निघावयाचे ते चिमूटभर. रुग्णांना देणार कोठून? १९४४ साली मर्क कंपनीतील लुइस सॅरेट ह्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने गुरांच्या पित्तातील आम्लापासून तीसहून अधिक पायऱ्या चढून हे द्रव्य प्रथम बनविले. त्याचा थोडा साठा हाती येताच, २१ सप्टेंबर १९४८ रोजी, हेंच ह्यांच्या विभागातील एका एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला त्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. संधिवाताने ती वर्षानुवर्षे खिळलेली होती. मात्रा रोज १०० मिलिग्रॅम. तीन-चार दिवसांत तिचे आखडलेले सांधे मोकळे झाले आणि आठवड्याभरात ती गावात जाऊन बाजारहाट करून आली!

१९४९ सालच्या एप्रिलमध्ये चौदा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला, द्रव्याला 'कॉर्टिसोन' हे नाव मिळाले आणि १९५० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक केंडल, राइखस्टाइन व हेंच ह्या तिघांना देण्यात आले. पहिल्या इंजेक्शनापासून पारितोषिकापर्यंत अवघी दोन वर्षे! आरंभी कॉर्टिसोनचा भाव ग्रॅमला दोनशे डॉलर होता. १९५२ साली अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे ह्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, रसायनशाळेतील सर्वांत अवघड पायरी रायझोपस नावाची एक साधी बुरशी सहज चढून जाते. मेक्सिकोतील रानटी कंदापासून मिळणारा कच्चा माल आणि ही बुरशी ह्यांची जोडी जमली आणि किमती झपाट्याने कोसळल्या. पाठोपाठ प्रेड्निसोलोन आले, डेक्सामेथासोन आले. ही अधिक जालीम. जे काम शरीराचे कॉर्टिसोल वीस मिलिग्रॅममध्ये करते, तेच प्रेड्निसोलोन पाच मिलिग्रॅममध्ये आणि डेक्सामेथासोन पाऊण मिलिग्रॅममध्ये करते. गोळी एवढीशी दिसते म्हणून तिला लहान समजू नये.

पण आनंदोत्सव संपण्यापूर्वीच दुसरी बाजू दिसू लागली. औषध थांबविले की, संधिवात परत येई. म्हणजे रोग मुळापासून जात नव्हता, नुसता आवरला जात होता. हे हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांना प्रथमपासून दिसत होते. शिवाय अधिक दिवस औषध घेणाऱ्यांचे चेहरे चंद्रासारखे वाटोळे होऊ लागले, पोट सुटू लागले, हातपाय मात्र काटक्यांसारखे. हे रूप वैद्यकाला अपरिचित नव्हते. हार्वे कुशिंग ह्या अमेरिकन शल्यवैद्याने १९३२ साली पोषग्रंथीच्या गाठीमुळे होणाऱ्या ज्या विकाराचे सविस्तर वर्णन केले होते, ते हुबेहूब असेच होते. शरीराने स्वतः जास्त कॉर्टिसोल बनविले काय किंवा आपण ते गिळले काय, फळ एकच.

आपण ज्यांना दुष्परिणाम म्हणतो, ते बहुतांशी ह्या द्रव्याच्या नेहमीच्या कामाचेच वाढलेले रूप आहे. साखर पुरविणे हे त्याचे काम. ते अति झाले की मधुमेह उद्भवतो किंवा असलेला बळावतो. मीठपाणी व रक्तदाब राखणे हे काम. ते अति झाले की अंगावर सूज आणि दाब वाढतो. दाह आवरणे हे काम. ते अति झाले की जंतूंशी लढणारे शिपाईच हात बांधून बसतात, आणि छातीत वर्षानुवर्षे निजलेला क्षयही डोके वर काढू शकतो. साखर बनवावयाची तर माल कोठून तरी आणावा लागतो. तो स्नायूंतून येतो. हाडांची घडण मंदावते व ती ठिसूळ होतात, त्वचा कागदासारखी पातळ होते, मुलांची उंची खुंटते. डोळ्यांत मोतीबिंदू, रात्रीची झोप उडणे, मनाची विलक्षण चलबिचल, हीही त्याच यादीतील. पहिल्या रुग्णांना मिळणारे रोजचे १०० मिलिग्रॅम कॉर्टिसोन म्हणजे शरीराच्या नैसर्गिक उत्पादनाच्या कितीतरी पट अधिक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्यात नवल वाटत नाही.

ह्याहून गंभीर गोष्ट १९५२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. संधिवातासाठी कित्येक महिने कॉर्टिसोन घेणाऱ्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याचा रक्तदाब घसरला, कोणत्याही उपायाने तो सावरला नाही आणि रुग्ण दगावला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकून गेलेल्या आढळल्या. त्यांना ना क्षय झाला होता, ना दुसरा कोणता रोग. त्या केवळ बेकार बसून सुकल्या होत्या!

असे का व्हावे? आपल्या जुन्या वाड्यांतील उदाहरण घेऊ. वाड्याच्या चौकात आड असे. रोज शेकडो घागरी उपसल्या जात, झरे वाहते राहत, पाणी गोड असे. मग घरात नळ आला. पाणी तोटीतून पडू लागल्यावर आडावर कोण जाणार? रहाट गंजला, आडात पाला पडला, गाळ साचला, झरे बुजले. नळ चालू आहे तोवर कोणालाच हे जाणवत नाही. पण एके दिवशी एकाएकी नळ बंद पडला, आणि त्याच दिवशी घरात कार्य निघाले, तर? मंडळी पोहरा घेऊन आडाकडे धावतील. पण आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

गोळीवाटे कॉर्टिसोलचे भावंड रक्तात भरपूर आले की, मेंदूचा हुकूम थांबतो. हुकूम नाही म्हणून ग्रंथीला काम नाही. आणि काम नाही म्हणून ती आटत जाते. साधारणपणे तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ गोळ्या घेतल्या असतील, तर हा धोका धरूनच चालावे. अशा माणसाने गोळ्या एकदम बंद केल्या तर अशक्तपणा, मळमळ, ओकाऱ्या, पोटदुखी, चक्कर अशी लक्षणे सुरू होतात. साधा तापसुद्धा त्याला बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो, आणि वेळीच इंजेक्शन मिळाले नाही तर प्राणावर बेतते. ॲडिसनने क्षयामुळे झालेले पाहिले, तेच येथे औषधाच्या चुकीच्या वापराने घडते.

उपाय नळ तोडण्यात नाही. आडाचा गाळ काढण्यात आहे. मात्रा हळूहळू उतरवीत नेली म्हणजे रक्तातील पुरवठा कमी होतो, मेंदूचा हुकूम पुन्हा सुरू होतो आणि ग्रंथी जागी होते. ह्याला काही आठवडे लागतात, कधी कित्येक महिने लागतात. पाच-सात दिवसांच्या उपचारानंतर बहुधा ह्याची जरूर पडत नाही, डॉक्टर तो एकदम थांबवितात. म्हणून कोणता उपचार कसा थांबवावयाचा, हे सुरू करतानाच विचारून ठेवावे.

आता आपल्या गावाकडे वळू. नळ आपण जाणूनबुजून घेतला तर निदान तो आहे हे तरी ठाऊक असते. आपल्याकडे पुष्कळदा तो चोरून जोडलेला असतो! गुडघेदुखीवर किंवा दम्यावर 'हमखास गुण' देणाऱ्या पुड्या बाजारात मिळतात. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही पुड्यांत तपासणीअंती स्टेरॉइड मिसळलेले आढळलेले आहे. ह्यात आयुर्वेदशास्त्राचा दोष नाही. दोष भेसळ करणाऱ्याचा आहे. पण घेणाऱ्याची अवस्था पाहा. गुण येतो म्हणून तो वर्षभर पुड्या घेतो, चेहरा भरला म्हणून घरची माणसे समाधान मानतात, आणि एके दिवशी पुड्या संपतात. तो अंथरुणाला खिळतो, डॉक्टर विचारतात, "स्टेरॉइड घेत होता काय?" आणि तो अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो! ज्या पुडीवर घटकद्रव्ये लिहिलेली नाहीत आणि जिने दोन दिवसांत जुने दुखणे नाहीसे होते, तिच्याविषयी संशय घेणे हेच शहाणपण.

दुसरा प्रकार मलमांचा. अंगावर गजकर्ण उठले की, आपण दुकानात जाऊन 'खाजेचे मलम' मागतो. अशा कित्येक मलमांत जालीम स्टेरॉइड असते. खाज एका दिवसात थांबते, लाली मावळते. पण गजकर्ण ही बुरशी आहे आणि तिला विरोध करणारा दाहच आपण दाबून टाकलेला असतो. ती आत बिनबोभाट पसरते. हीच मलमे तरुण मुली गोरेपणासाठी चेहऱ्याला लावतात; पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते, आणि मलम सोडले तर चेहरा अधिकच पेटतो. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. कायदा झाला, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार आणि चिठ्ठी आणणारे गिऱ्हाईक, हे दोघे जन्माला घालणे कायद्याच्या हाती नाही.

तिसरी गोष्ट कोविडची. ती तर आपण सर्वांनी भोगलेली आहे. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डहून एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन रोज सहा मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस दिले असता कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एकपंचमांशाने घटले. इतके स्वस्त, इतके जुने औषध, आणि एवढा लाभ! पण त्याच चाचणीने दुसरेही सांगितले होते: ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांना ह्याचा लाभ होत नाही, उलट अपाय होण्याचा संभव आहे. पहिले वाक्य सर्वांनी ऐकले, दुसरे वाऱ्यावर गेले. २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, मोबाइलवर फिरणाऱ्या औषधांच्या याद्या पाहून ताप येताच पहिल्या दिवसापासून लोकांनी स्टेरॉइडे घेतली. काहींना ती गरजेहून अधिक मात्रेत, अधिक दिवस दिली गेली. त्यांतील पुष्कळांना मधुमेह होता. साखर भडकली, रक्षक शिपाई निःशस्त्र झाले, आणि नाकातून, डोळ्यांतून काळी बुरशी शिरली. महाराष्ट्र आणि गुजरात ह्या राज्यांत तिचे रुग्ण सर्वाधिक संख्येने नोंदले गेले. कित्येकांचे डोळे गेले, जबडे गेले, प्राण गेले. ह्या रोगास बहुधा कारण होणारी बुरशी कोणत्या कुळातील, ठाऊक आहे? त्याच रायझोपस कुळातील, ज्याच्या मदतीने १९५२ साली हे औषध स्वस्त झाले! एकाच बुरशीचे कूळ कारखान्यात आपले सेवक होते आणि बेसावध शरीरात आपले वैरी. औषधाचेही नेमके तसेच आहे.

हे सारे ऐकून कोणी घरी जाऊन आपल्या गोळ्या फेकून देईल, तर माझे व्याख्यान फुकट गेले असे मी समजेन. भीतीनेही माणसे दगावतात. दम्याच्या रुग्णांना ओढण्यासाठी जी फवाऱ्याची औषधे देतात, त्यांतही बहुधा स्टेरॉइड असते. त्यांची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. आणि ती थेट श्वासनलिकेत जाते. फवारा घेतल्यावर चूळ भरून टाकावी, एवढे पथ्य पाळले आणि नेमून दिलेली मात्रा ओलांडली नाही, तर गोळ्यांच्या मानाने त्यापासून धोका फारच थोडा. तरीही 'सवय लागेल' म्हणून मुलाचा फवारा बंद करणारे आईबाप आहेत, आणि मध्यरात्री त्या निळ्या पडलेल्या मुलाला घेऊन धावणारेही तेच असतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लिगिन्स आणि हाऊवी ह्या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले की, अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याची भीती असता आईला बीटामेथासोनची इंजेक्शने दिली, तर बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात आणि श्वासावाचून दगावणारी बालके वाचतात. ज्यांची ग्रंथीच नासली आहे, त्यांना तर हे औषध अन्नासारखे आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी ह्यांना ॲडिसनचा रोग असल्याचे निदान १९४७ साली लंडनमध्ये झाले होते. ह्याच द्रव्यांच्या आधारावर ते जगले आणि १९६१ साली त्या पदावर आरूढ झाले. कॉर्टिसोन निघाले नसते तर हे घडते ना.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. तालमीत दंड फुगविण्यासाठी काही तरुण जी स्टेरॉइडे घेतात ती निराळी. ती पुरुषत्वाच्या संप्रेरकाची भावंडे आहेत. त्यांचे धोके वेगळे आणि तेही मोठे आहेत. पण 'स्टेरॉइड' ह्या एका आडनावामुळे दोन्ही कुटुंबांची गल्लत करू नये.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. स्टेरॉइड सुरू होताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: कशासाठी, किती दिवस, आणि थांबवावयाचे कसे? गोळी सकाळी काही खाऊन घ्यावी. शरीराचे स्वतःचे वेळापत्रकही सकाळचेच आहे. मधुमेह असेल तर साखर वरचेवर तपासावी. पूर्वी क्षय झालेला असेल तर तो सांगावा. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्याने तसे लिहिलेला एक कागद खिशात ठेवावा. अपघात झाला, शस्त्रक्रिया करावयाची झाली, तर त्या कागदावरून डॉक्टरांना कळेल की, ह्या माणसाच्या आडावर ह्या क्षणी विसंबता यावयाचे नाही, पाणी बाहेरून भरले पाहिजे. इंग्लंडमध्ये २०२० सालापासून अशा रुग्णांसाठी ठराविक नमुन्याचे कार्डच देण्यात येऊ लागले. आपल्याकडे पोस्टकार्डाएवढा साधा कागदही तेच काम करील. ताप आला किंवा ओकाऱ्यांनी गोळी पोटात ठरेना, तर अशा रुग्णाने गोळी चुकवावयाची नाही. उलट त्या वेळी अधिक मात्रेची वा इंजेक्शनाची गरज असते, म्हणून तडक डॉक्टरांकडे जावयाचे.

कावीळ झाल्यावर सांधे सुटले असे सांगणाऱ्या रुग्णाकडे हेंच ह्यांनी लक्ष दिले, म्हणून हे औषध जगाला मिळाले. शरीर काय सांगते ते ऐकणे, हा त्या शोधाचा आरंभ होता. ते औषध वापरतानाही आपण तेवढेच करावयाचे आहे. नळ जरूर घ्यावा. संकटात तो प्राण वाचवितो. मात्र तो आपल्या घरात कोणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी जोडला आहे, हे घरधन्याला माहीत असले पाहिजे, आणि चौकातल्या आडाची आठवण राहिली पाहिजे.